विश्रामने लावलेली जाळी

विश्राम मानेला बडोद्याच्या रावपुऱ्यातले जिने पायांनी ठाऊक आहेत. कुठली पायरी सैल आहे, कुठल्या कठड्यावर भार टाकायचा नाही, कुठल्या गच्चीवर माकडं येतात आणि कुठल्या घरातल्या काकू वर चढणाऱ्याला आधी खालीच थांबवून नाव विचारतात, हे सगळं त्याच्या गुडघ्यांनी साठवून ठेवलं आहे. तरुणपणी तो केबल टीव्हीच्या काळ्या तारा या गच्चीवरून त्या गच्चीवर फेकायचा. पुढे त्याच वाटांनी इंटरनेटच्या तारा आल्या. तारा बारीक होत गेल्या, विश्राम जाड होत गेला, जिने मात्र तेवढेच उभे राहिले. कंपनी एका गुजराती शेठची आहे, लहानशी. शेठ दुकानात पंख्याखाली बसतो आणि विश्राम चढतो.

मान्यांचं घराणं संस्थानच्या फौजेतलं. पणजोबा कुठल्याशा दरवाजावर पहाऱ्याला होते. कुठल्या, ते आता विश्रामलाही सांगता येत नाही, पण पहाऱ्याची गोष्ट त्याच्या बोलण्यात येतेच. "कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे आमच्या रक्तातच आहे," असं तो म्हणतो. म्हणतो थट्टेने, पण त्याचा चेहरा थट्टेचा नसतो.

काही वर्षांपूर्वी घराघरांत एकच बोलणं सुरू झालं. जोडणी लावून झाली, चहाचा कप हातात आला, की घरातली बाई आतल्या खोलीकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणायची, "भाऊ, ते नको ते काही दिसायला नको हं. मुलं आहेत घरात." नको ते म्हणजे काय, हे कुणी सांगत नसे आणि विश्राम विचारत नसे. तो मान हलवायचा आणि राउटरमध्ये दोन आकडे बदलून टाकायचा.

त्या आकड्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. आमच्याकडे गावात नवखा माणूस आला की तो पारापाशी थांबतो आणि अमक्याचं घर कुठे म्हणून विचारतो. पारावरचा कुणी हात करून दाखवतो, मग पाहुणा पुढे चालू लागतो. इंटरनेटचं तसंच आहे. आपण साईटचं नाव टाकतो, पण यंत्राला नुसत्या नावाने जाता येत नाही, त्याला पत्ता लागतो. म्हणून ते आधी एका पत्ता सांगणाऱ्याला विचारतं. त्या सांगणाऱ्याला डीएनएस म्हणतात. बहुतेक सांगणारे मागेल त्याचा पत्ता देऊन मोकळे होतात. पण काही सोवळे असतात. कुणी वाईट ठिकाणाची वाट विचारली की ते तोंड फिरवतात. घर जागेवर असतं, रस्ता उघडा असतो, फक्त सांगणारा सांगत नाही आणि पाहुणा पारावरूनच परत जातो. विश्राम घरोघरी असा सोवळा सांगणारा बसवून यायचा. त्याला तो जाळी म्हणायचा, खिडकीला डासांसाठी लावतात तशी. कुणी मागितली नाही तरी, घरात लहान मूल दिसलं की तो जाळी लावूनच उतरायचा. त्याचे पैसे तो घेत नसे. ते त्याचं पहाऱ्याचं काम होतं.

वसुताईंच्या घरी मात्र त्याने जाळी लावली नव्हती. तिथे लहान कुणी नव्हतं. खरं तर तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

वसुताई म्हणजे वसुंधरा टिपणीस. त्यांचे सासरे संस्थानच्या दफ्तरात होते, यजमान कॉलेजात शिकवायचे, त्या स्वतः शाळेतून निवृत्त झाल्या. पण बडोद्यातल्या मराठी घरांना त्या माहीत आहेत ते त्यांच्या पुढच्या खोलीमुळे. त्या खोलीत त्यांनी वधूवर मंडळ चालवलं. मुलींचे फोटो एका बाजूला, मुलांचे दुसऱ्या बाजूला, मध्ये वसुताई आणि त्यांचा पानाचा डबा. निम्म्या रावपुऱ्याची लग्नं त्या खोलीत जुळली. विश्रामची बायको नीरजा इंदूरची, तीही वसुताईंच्याच फोटोतून बडोद्याला आली. "मी तुला गोरी मुलगी दाखवली होती, तू हसरी मागितलीस," असं वसुताई त्याला अजून ऐकवतात.

त्यांनी स्वतःच्या मुलीचं, शिवांगीचं लग्नही तिथेच जुळवलं. लांब जायची गरज पडली नाही. निरुपमा ही त्यांची शाळेपासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिचा मुलगा सोहम. मैत्रिणी विहिणी झाल्या. आणि मग ते लग्न मोडलं. भांडण नाही, तंटा नाही, दोघं एकमेकांना कंटाळली आणि कागदावर सह्या करून वेगळी झाली. शिवांगी बंगळुरूला गेली. सोहम इथेच राहिला. निरुपमा आणि वसुंधरा यांचं बोलणं कधी बंद झालं ते दोघींनाही सांगता येणार नाही. एक दिवस फोन आला नाही, दुसऱ्या दिवशी केला नाही, असं करता करता ते थांबलं.

गेल्या वर्षी वसुताईंची भाची मिताली पुण्याहून आली होती. मावशीचं मन रमावं म्हणून तिने मंडळाची साईट तयार करून दिली. फोटो चढवले, पत्रिका चढवल्या, वरती मोत्यांची माळ घातलेल्या वसुताईंचा फोटो लावला. पुनर्विवाहाचं एक वेगळं पान केलं आणि त्यात, मावशीला विचारून, शिवांगीचंही नाव घातलं. वसुताईंनी हो म्हटलं, पण ते पान त्यांनी पुन्हा कधी उघडलं नाही.

मग चैत्र आला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वसुताई घरोघरी गेल्या. पन्ह्याचा पेला हातात घेऊन त्या विचारायच्या, "साईट पाहिलीस का गं माझी?" आणि समोरची बाई वाटीतल्या कैरीच्या डाळीकडे बघत बसायची. कुणी पाणी आणायला उठायची, कुणी म्हणायची, "उकाडा फार आहे यंदा." वसुताई चाळीस वर्षं माणसांचे चेहरे वाचत आल्या होत्या. त्यांनी हेही वाचलं आणि आपल्या परीने अर्थ लावला.

तेव्हा त्यांनी विश्रामला बोलावलं.

तो वर येऊन दारात उभा राहिला, धापा टाकत. "बस," त्या म्हणाल्या.

"नको, बरा आहे."

"नाव विश्राम आणि बस म्हटलं की नको म्हणतो. बस."

तो बसला. बसताना गुडघ्यांचा आवाज झाला, तो दोघांनीही ऐकला.

"ही जोडणी काढून ने," वसुताई म्हणाल्या.

"चालत नाही का?"

"ती चालते. माझंच चालत नाही." त्यांनी पानाचा डबा जवळ ओढला, पण उघडला नाही. "मितालीला साईट कुठल्या गावाहून बघतात ते दिसतं. पुण्याची माणसं बघतात, इंदूरची, ग्वाल्हेरची, अमेरिकेतलीसुद्धा. बडोद्यातून कुणी नाही. एक कुणीतरी येतं म्हणते, ते मीच असणार. ज्यांची लग्नं या खोलीत जुळली, त्यांना एकदा डोकावून बघावंसंही वाटत नाही. मग मी कुणासाठी करू?"

"वेळ नसेल लोकांना."

"वेळ आहे रे. मनात नाही. जिला पोटच्या मुलीचं जमवता आलं नाही, ती आमच्या मुलींचं काय जमवणार, असं आहे ते. तोंडावर कुणी बोलत नाही. बोलतील कशा, चांगल्या घरच्या आहेत. मी मंडळच बंद करते. फोटो ज्यांचे त्यांना परत देईन."

विश्राम राउटरच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिला. दिवा नीट लुकलुकत होता. त्याच्या मनात एक गोष्ट अडली होती.

"इथून एकही नाही, वसुताई?"

"सांगितलं ना."

"मग हा राग नाही. राग असता तर चोरून तरी पाहिलं असतं. रागावलेला माणूस आधी चोरून बघतो."

"तुला फार कळतं."

"नीरजा रागावली की माझा फोन उघडून बघते. एरवी हात लावत नाही."

वसुताईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. विश्राम उठला. "थोडे दिवस राहू द्या. मला बघू द्या."

"थोडेच," त्या म्हणाल्या. "मला आता वाट बघायचा कंटाळा आलाय."

त्याने दुकानात येऊन साईट उघडून पाहिली. उघडली. आपल्या मोबाईलवर पाहिली, उघडली. घरी पाहिली, तिथेही उघडली. मितालीला फोन करून साईट जिथे ठेवली होती तिथली चौकशी केली, तिथेही सगळं ठीक होतं. चालणाऱ्या गोष्टीतली चूक शोधायची म्हणजे फार शिणवणारं काम. बिघडलेलं यंत्र निदान बिघडलं आहे असं सांगतं तरी.

मग अहल्या मोहित्यांची तक्रार आली, इंटरनेट मंद चालतंय म्हणून. विश्राम भर दुपारी तिथे गेला. राउटर देव्हाऱ्यामागे सरकवून ठेवला होता, वर पितळी समई. तो त्याने बाहेर काढून उंचावर लावला. काम झालं. जाता जाता, चाचणीला म्हणून, त्याने त्यांच्या कंप्युटरवर वसुताईंच्या साईटचं नाव टाकलं.

पडद्यावर आधी धोक्याचं पान आलं. तरी पुढे जा म्हटल्यावर दुसरं आलं, लाल पट्टीचं. ही साईट प्रौढ मजकूर आणि डेटिंग या वर्गात मोडते, कुटुंबाच्या सुरक्षेसाठी बंद केली आहे, असं त्यावर होतं.

अहल्यावहिनींनी मागून हात घालून पडदाच बंद केला. सून दारात उभी होती, तिला म्हणाल्या, "तू आत जा, कुकर बघ." कुकर लावलेलाच नव्हता. सून गेली.

"ते नका उघडू, विश्रामभाऊ."

"तुम्ही आधी पाहिलंय का हे?"

"पाहिलं एकदा." अहल्यावहिनी पदराने मान पुसत होत्या. "साईट केली म्हणून त्यांनीच सांगितलं, म्हणून कौतुकाने उघडायला गेले. तर हे. सूनबाई शेजारी बसलेली. मला तर कुठे बघू झालं. बिचाऱ्या वसुताई. कुणीतरी त्यांच्या नावावर काहीतरी घाण करून ठेवलीय."

"मग त्यांना सांगितलं नाही?"

"काय सांगू? की वसुताई, तुमच्या साईटवर नको ते आहे? त्यांच्या वयाच्या बाईला? आणि मी ते कशाला उघडलं, असं नाही का होत? चैत्रात आल्या होत्या. साईट पाहिलीस का म्हणाल्या. मी डाळ वाढायला उठले."

"दुसऱ्या कुणाला बोललात?"

"असलं कुणी बोलतं का हो?"

विश्राम खुर्चीवर बसला, कुणी न सांगता. त्याने आपला मोबाईल काढला, वायफाय बंद केलं आणि फोनच्याच इंटरनेटवर तीच साईट उघडली. मोत्यांची माळ घातलेल्या वसुताई हसत समोर आल्या. खाली मुलींचे फोटो, उंची, शिक्षण, गोत्र. त्याने फोन अहल्यावहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला.

"अगं बाई. हे तर चांगलं आहे. ही आपल्या पवारांची मुलगी ना?"

विश्राम तोवर कंप्युटरला दुसऱ्या, साध्या सांगणाऱ्याचा पत्ता देऊन मोकळा झाला होता. आता कंप्युटरवरही वसुताई हसत आल्या. तार ठीक होती, साईट ठीक होती. मधला सांगणारा नाही म्हणत होता. लग्नाच्या मुलामुलींचे फोटो एका जागी पाहून त्या परदेशी सोवळ्याने ते थिल्लर मेळाव्यांच्या रांगेत बसवले होते. त्याला वधूवर मंडळ म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार.

"हे बंद कुणी केलं मग?" अहल्यावहिनींनी विचारलं.

"मी," विश्राम म्हणाला.

"तुम्ही?"

"तुम्हीच म्हणाला होता, नको ते दिसायला नको."

"ते मुलांसाठी म्हणाले होते," अहल्यावहिनी म्हणाल्या. "वसुताईंसाठी नव्हतं ते."

विश्रामने पिशवी उचलली. जिना उतरताना त्याच्या डोळ्यांसमोर एकेक घर येत होतं. या घरात जाळी आहे, त्या घरात आहे, त्या समोरच्या दोन्ही मजल्यांवर आहे. प्रत्येक घरात कुणी एका बाईने कौतुकाने ते नाव टाकलं असेल, लाल पट्टी पाहिली असेल, आणि घाईने पडदा बंद करून गप्प बसली असेल. आपल्याच घरात असं दिसलं असं प्रत्येकीला वाटलं. भिडेने कुणी कुणाला बोललं नाही. आणि दोन गल्ल्यांच्या मध्ये वसुताई एकट्या बसून त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत राहिल्या.

शेठला त्याने सांगितलं. शेठ पाकिटातली शेव तळहातावर घेत होता. "जवा दो ने, विश्रामभाई, सोडून द्या," तो म्हणाला. "एक बाईची साईट नाही दिसत, तर नाही दिसत. फिल्टर काढलं आणि कुणाच्या मुलाने काही पाहिलं, तर सगळ्या मम्म्या माझ्या दुकानावर येतील. आणि हे तुम्ही लावलेलं. कंपनीने सांगितलं नव्हतं."

"काढत नाही. बदलतो."

"मग तुमच्या टाइममध्ये बदला. कंपलेंट पेंडिंग राहता कामा नये."

तेही खरंच होतं. त्याने कंपनीला न विचारता लावलं होतं.

जाळी नुसती काढून टाकता आली असती, पण तेवढ्या घरांना दिलेला शब्दही काढून घ्यावा लागला असता. म्हणून तो घरी बसून एकेक सोवळे सांगणारे तपासू लागला. एकाने वसुताईंना सोडलं, पण नको तेही सोडलं. दुसऱ्याने बँकेचीच साईट अडवली. ज्याने हे सगळं केलं होतं त्या मूळ सांगणाऱ्यालाही त्याने चूक कळवली. तक्रार मिळाली आहे, असं आपोआप येणारं उत्तर आलं आणि पुढे काही आलं नाही. नीरजा गुडघ्यांना लावायचं तेल गरम करून घेऊन आली, तेव्हा तो तसाच बसलेला होता.

"अहो, जेवून घ्या. जाळीला काही पळायचं नाही."

"मला वाटायचं मी घरं राखतो."

"राखतच होता की."

"वसुताईंपासून राखत होतो."

नीरजा पायाशी बसून तेल चोळू लागली. "त्यांनी मला फोटोत पाहिलं आणि म्हणाल्या, ही मुलगी बडोद्यात टिकेल. त्यांचं कधी चुकलं नाही. एकदाच चुकलं, ते त्यांच्याच घरी." थोड्या वेळाने ती म्हणाली, "माझ्या वेळी तुमची जाळी असती, तर मी इंदुरातच राहिले असते."

"बरं झालं असतं तुझं."

"ते आता काय सांगायचं," ती म्हणाली आणि दुसरा गुडघा घेतला.

अखेर एक सांगणारा सापडला, ज्याने घाण अडवली आणि वसुताईंना वाट दिली. मग विश्रामचं खरं काम सुरू झालं. जुन्या राउटरांना दुकानातून हात लावता येत नव्हता, प्रत्येक घरी जाऊनच ते करावं लागत होतं. कंपनीची कामं उरकली की तो आपली फेरी सुरू करायचा. वैशाख तापला होता. भिंतीला हात लावला की चटका बसायचा. खंडेराव मार्केटकडून भाजीच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या बायका त्याला गल्लीच्या तोंडाशी पाहून विचारायच्या, "भाऊ, आमच्याकडे तर सगळं चालतंय, तुम्ही कसे?"

आकडे बदलायला काही वेळ लागत नव्हता. वेळ लागायचा तो सांगायला. घरातल्यांना बाहेर पाठवावं लागायचं, मग बाई ऐकून घ्यायची, आधी म्हणायची की छे, आम्ही कधी उघडलीच नाही, मग दाराकडे बघून म्हणायची, "म्हणजे ते तसं नव्हतंच?" नव्हतंच, असं म्हणून तो साईट उघडून दाखवायचा. कधी कधी आकडे बदलूनही लाल पट्टीच यायची, कारण यंत्राच्या डोक्यात जुनं उत्तर बसलेलं असायचं. मग कंप्युटर, फोन, राउटर, सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं. तेवढ्यात चहा यायचा. चहाला नाही म्हटलेलं कुणाला चालत नव्हतं. काही घरांत हसू फुटायचं, काही बायका डोळे पुसायच्या. एका घरच्या सुनेने तर त्याला उलटं विचारलं, "आणखी काय काय अडवून ठेवलंय तुम्ही आमच्याकडे?" त्याला ते सांगता आलं नाही. कारण ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो प्रश्न मात्र त्याच्याबरोबर जिना उतरून आला, आणि पुढच्या जिन्यावर त्याच्याबरोबर चढला.

गल्ल्यांमधली बरीच घरं झाली, तेव्हा वसुताईंचाच फोन आला. "ये," एवढंच म्हणाल्या.

तो गेला. या वेळी बस म्हणायच्या आधीच बसला.

"सकाळपासून फोन येताहेत," वसुताई म्हणाल्या. "अहल्या म्हणते, वसुताई, उघडली हं तुमची साईट. पवारांची थोरली म्हणते, फोटो छान आलाय. उघडली म्हणजे काय? बंद होती का?"

विश्रामने सगळं सांगितलं. पहारा, जाळी, लाल पट्टी, डाळीच्या वाट्या. काही गाळलं नाही. सांगताना तो वसुताईंकडे न बघता पंख्याकडे बघत होता.

वसुताईंनी पानाचा डबा पुढ्यात घेतला. मग म्हणाल्या, "माझी साईट त्यांना तसली वाटली."

"वाटायला मी लावली."

"आणि एकीलाही विचारावंसं वाटलं नाही."

"भीड पडली त्यांना."

"मलाही पडली होती. मी तरी कुठे विचारलं, का गं गप्प बसलीस म्हणून." त्यांनी पानाचा डबा उघडला, एक पान काढलं, पुसलं, आणि तसंच हातात धरलं. "म्हणजे कुणी रागावलं नव्हतं माझ्यावर."

"नव्हतं."

"शिवांगीचं कुणी मनात धरलं नव्हतं."

आता कुठला प्रश्न येणार ते त्याला कळलं होतं.

"निरूकडेही तुझीच जाळी होती ना?"

त्याला हो म्हणता आलं असतं. तो इतका दमला होता की हो म्हणणं सोपं होतं, आणि वसुताईंनाही त्या उत्तरावर आयुष्य काढता आलं असतं. पण गेले कितीतरी दिवस तो घरोघरी एका खोट्या उत्तराची भरपाई करत फिरत होता.

"नाही," तो म्हणाला. "निरूताईंकडे माझी जोडणीच नाही. सोहमने दुसऱ्या कंपनीची घेतलीय. तिथे जाळी नाही. त्यांच्याकडे साईट पहिल्या दिवसापासून उघडतेय."

वसुताईंच्या हातातलं पान डब्यात परत गेलं. खाली रिक्षावाले एकमेकांना हॉर्न देत होते.

"मग तिने पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी हळू, "मिताली म्हणायची, बडोद्यातून एक कुणीतरी येतं. मला वाटलं, ती मीच."

"तुम्हीच असाल."

"ते दुपारी येतं म्हणाली होती. मी दुपारी त्या यंत्राला हात लावत नाही, माझे डोळे दुखतात. मला वाटलं तिच्या यंत्रात घड्याळ चुकीचं असेल." त्यांनी फोन उचलला आणि मितालीला लावला. विश्रामला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "तेच गं, बडोद्याचं. कुठलं पान उघडतं ते दिसतं का तुला? बघून सांग." मग त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "दर वेळी तेच?" आणि फोन ठेवला.

"पुनर्विवाहाचं," त्या म्हणाल्या. "शिवांगीचं नाव आहे ते. दर वेळी तेच."

"वसुताई, यंत्र गाव सांगतं. माणूस सांगत नाही. कुणीही असेल."

"यंत्राने नाही सांगितलं तर नाही." त्या उठल्या. "तूच म्हणालास ना, रागावलेला माणूस चोरून बघतो. रागाने बघते का काळजीने, ते मला तिच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. फोटोवरून मला माणसं कळतात, पण निरूचा फोटो माझ्याकडे नाही."

त्यांनी चपला घातल्या. दाराशी जाऊन मागे वळल्या. "तिचा जिना कसा आहे रे?"

"मी कधी चढलो नाही तिथे."

"मी तर रोज चढायचे. विसरले." त्यांनी कुलूप हातात घेतलं. "तुझी गाडी खाली आहे ना? तेवढं सोड मला. एवढ्या उन्हात चालत गेले, तर तिथे पोचेपर्यंत माघारी फिरावंसं वाटेल."

विश्रामने त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. दोन गल्ल्यांचं अंतर, पण वाटेत एक म्हैस आडवी बसली होती आणि तिच्या बाजूने गाडी काढायला वेळ लागला. वसुताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो जड होता. निरुपमाच्या दाराशी त्या उतरल्या, पदर सारखा केला आणि जिना चढू लागल्या. प्रत्येक वळणावर थांबत होत्या. विश्राम खाली स्कूटरला टेकून उभा राहिला. जायला हवं होतं, पण पाय निघेनात.

वर बेल वाजली. काही झालं नाही. पुन्हा वाजली. मग कडी काढल्याचा आवाज आला आणि एका म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "किती उशीर केलास गं."

त्यावर वसुताई काय म्हणाल्या ते खाली ऐकू आलं नाही. दार लागलं. विश्रामने रुमालाने कपाळ पुसलं. त्या दिवशी अजून समोरच्या गल्लीतली घरं व्हायची होती, आणि पहिल्याच घराचा जिना उभा होता, वरची पायरी तुटलेली. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि चढायला सुरुवात केली.